देवीच्या दिवसांत घासलेली जाळी

मित्रांनो, मला हात लावायचा असेल तर आधी बाह्या वर करा. बोटं काळी होतील. मासे भाजायची लोखंडी जाळी आहे मी, लालबागच्या एका चाळीत राहते, आणि आता नवी म्हणावी अशी उरलेली नाही. मला कुणी घडवलं, कुणी वापरलं, ते सगळं सांगते. पण खरं तर मला सांगायचं आहे ते रखमाबद्दल. माझ्यापायी त्या बाईवर एक आळ आला. तो खोटा होता. हे मला ठाऊक होतं आणि आणखी एका माणसाला ठाऊक होतं. मला तोंड नव्हतं. त्या माणसाला होतं.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून मुंबईत दिवे लागले होते, त्याला चार-सहा वर्षं उलटली असतील. परळला रस्त्याच्या कडेला एक लोहार भट्टी लावून बसायचा. गिरण्या भराभर उभ्या राहत होत्या आणि त्यांतलं मोडकं लोखंड त्याच्या दारात येऊन पडत होतं. कापड विणायच्या साच्याच्या वाकलेल्या सळ्या त्यानं तापवल्या, ठोकल्या, एकीला एक जोडल्या, चार बुटके पाय दिले आणि एक लांब मूठ. झाले मी. कापड विणून दमलेलं लोखंड मासे भाजायला लागलं.

मला घरी आणलं शिवानं. शिवा साचेखात्यात कामाला होता. त्याची बायको रखमा खाणावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणीकामगार तिच्याकडे जेवायला येत. शेगडी सज्ज्यात, माणसं ओळीनं सज्ज्यात, आणि माझ्यावर बांगडे. मिठाचा आणि हळदीचा हात लावलेला बांगडा निखाऱ्यावर चरचरू लागला की खालच्या मजल्यावरची मुलंसुद्धा जिना चढून यायची.

रखमाचा एक नेम होता. शेवटचा मासा उतरला की ती मला थंड होऊ देत नसे. "लोखंड तापलेला आसताना घासूचा," ती म्हणायची. "थंड झाला की किटणाचो दगड होता." मग नारळाचं सोडण राखेत बुडवायचं आणि माझी एकेक सळी घासायची. खर्र, खर्र, खर्र. सगळ्या चाळीला कळायचं की रखमाची जेवणावळ उठली. शेवटी खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं.

जेवायला येणाऱ्यांत महादेव नावाचा एक थट्टेखोर गडी होता. तो म्हणायचा, "वयनी, गिरणीतलो सायेब यंत्राक एवढा तेल घालीत नाय, जेवढा तुमी जाळीक घालतात."

"म्हणान तर तुमची यंत्रां मोडतत," रखमा म्हणायची, "नि माझो बांगडो मोडत नाय. जेवा गप."

ते माझे चांगले दिवस. मला कुणी सोन्याची म्हटलं नाही, पण माझ्याकडे बघून माणसं हसत होती. लोखंडाला आणखी काय हवं?

घरात अजून दोघं होती. शिवाची आई पुतळाबाई, आणि शिवा-रखमाची मालन. मालन तीनएक वर्षांची. गावाला जन्मली, चालायला लागल्यावर मुंबईला आली. भाजलेल्या बांगड्याच्या शेपटीसाठी माझ्याजवळ बसून राहायची आणि मला "जाली" म्हणायची.

त्या काळात थंडी पडली की चाळींतून एक सरकारी माणूस फिरायचा. मुलांच्या दंडावर टोचून देवीची लस घालायचा, म्हणजे पुढं अंगावर देवी येत नाहीत. चाळीत त्याला टोचणारा म्हणत आणि सगळे त्याला भ्यायचे. मालनला टोचायचं राहून गेलं होतं. शिवानं रखमाला सांगून ठेवलं होतं, "यंदा इलो की टोचून घी तिका." रखमानं मान डोलावली होती. पुतळाबाई ऐकत होत्या. त्यांनी मान डोलावली नव्हती.

टोचणारा आला तेव्हा रखमा खाली नळावर होती. पुतळाबाईंनी जिन्यावर जोड्यांचा आवाज ऐकला आणि मालनला उचलून कोपऱ्यात बसवलं. "ह्या खोबरा खा. बोलूचा नाय हां, बाय." मग कोंबड्यांचं डालगं तिच्यावर पालथं घातलं, आणि डालग्यावर मला ठेवलं. सकाळच्या सुक्या बोंबलांचा वास अजून माझ्या अंगाला होता.

टोचणारा दारात उभा राहिला. कपाळाला गंध, खांद्याला पेटी. बोंबलाचा वास आला तसं त्यानं उपरणं नाकाशी धरलं.

"मुलं किती आहेत, आजी?"

"मूल खंयचा? म्हातारी मी एकटी."

"त्या डालग्यात काय हललं?"

"कोंबडी अंड्यार बसली हा. बघूची आसात तर बघा. जाळी उचला नि बघा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या सळ्यांना बोंबलाची चरबी चिकटलेली. "शिव शिव," म्हणाला, आणि पुढच्या दाराला गेला. माझ्याखाली मालन खोबरं चावत होती. मला तिचे दात ऐकू येत होते.

रखमा घागर घेऊन वर आली. "आये, टोचणारो इलो होतो म्हणतत खाली."

"आपल्या दाराक खंय इलो? मेलो तसोच गेलो."

रखमा हळहळली आणि कामाला लागली. गोष्ट तिथंच संपली असती. पण तसं होत नसतं, मित्रांनो. खोटं बोलून माणूस विसरतो, रोग विसरत नाही.

होळीच्या सुमाराला मालनचं अंग तापलं. मुलांना ताप येतोच. रखमानं तिला निजवली, जेवणारांना वाढलं आणि रोजच्यासारखं मला घासलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पोरीच्या तोंडावर पुरळ उठलं, आणि पुतळाबाईंनी कपाळावर हात मारला. देवी आल्या होत्या.

आता देवीचे नेम तुम्हांला सांगायला हवेत. दाराला कडुलिंबाचा डहाळा. घरात फोडणी नाही, तळणं नाही, भाजणं नाही, मासा नाही. आणि आमच्या चाळीत आणखी एक समजूत होती: देवी घरात असताना लोखंड घासायचं नाही. लोखंडावर जेवढे ओरखडे, तेवढे लेकराच्या अंगावर. हे कुणी शोधून काढलं, कुणास ठाऊक. रखमानं सगळं पाळलं. जेवणारांना दुसरीकडे जायला सांगितलं, मला खुंटीला टांगलं, आणि पोरीच्या उशाशी बसली ती उठली नाही.

मालन गेली.

सज्ज्यात माणसं जमली होती. शिवा भिंतीला टेकून होता. शेजारची रमाबाई रखमाला धरून बसली होती. आणि तेव्हा पुतळाबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"हिनं जाळी घासल्यान! चेडवाच्या अंगात देवी उतरली होती, नि ही भायर बसून खरखर घासत होती. सगळ्या चाळीन ऐकला! त्ये ओरखडे जाळीर नाय पडले, माझ्या नातीर पडले!"

मित्रांनो, त्या सज्ज्यात एक माणूस उठून म्हणाला नाही, की म्हातारे, काहीतरीच काय बोलतेस? एकही नाही. गिरणीत एवढाल्या यंत्रांशी झुंजणारे बाप्ये तिथं बसले होते. आवाज ऐकला होता खरा सगळ्यांनी. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. रमाबाईनं रखमाला धरलेला हात हळूच काढून घेतला. शिवा आईपुढं कधी बोलत नसे, तो तेव्हाही बोलला नाही. आणि रखमानं काय केलं? आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत राख होती.

माझ्या सळ्या तडकून फुटल्या असत्या तर बरं झालं असतं. पण लोहारानं मला चांगली पक्की ठोकली होती.

सुतक फिटलं. पोट सुटत नाही, म्हणून खाणावळ पुन्हा सुरू झाली. मासे माझ्यावर आले. पण शेवटचा बांगडा उतरल्यावर रखमानं सोडण हातात घेतलं, राखेत बुडवलं आणि तिचा हात तसाच थांबला. मग तिनं सोडण खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतर ती सोडण उचलेनाशी झाली.

माझ्यावर किटण चढू लागलं. माशाची चरबी जळायची, त्यावर काजळी बसायची, त्यावर पुन्हा चरबी. दोन सळ्यांमधल्या फटी बुजत आल्या. धग वर येईना. बांगडा खालून करपायचा, वरून कच्चा राहायचा, आणि उचलताना त्याची कातडी मला चिकटून राहायची.

महादेवनं एकदा घास तोंडात फिरवला आणि खाली मान घालून म्हणाला, "वयनी, एकदा जाळी घासा हो. कडू लागता."

"हात उचलत नाय, भावजी," रखमा म्हणाली.

महादेवनं करपलेला तुकडा पानाच्या कडेला सारला. हळूहळू जेवणारे दुसरीकडे जाऊ लागले. महादेव बरेच दिवस टिकला, मग तोही गेला. एका पावसाळ्यात मी मोरीच्या कोपऱ्यात जाऊन पडले. वर किटण, खाली गंज. माझ्या मुठीवर घुशीची पिल्लं खेळायची. मला फेकलं असतं तरी चाललं असतं, पण रखमा मला फेकतही नव्हती. मोरीत यायची, माझ्याकडे बघायची, पाणी ओतून जायची.

मग घरात मुलगा झाला. पहिलं मूल गेलेलं, म्हणून दृष्ट लागू नये अशा बेतानं त्याचं नाव दगडू ठेवलं. पुतळाबाई त्याला क्षणभर खाली ठेवीत नसत. खरं सांगायचं तर त्या म्हातारीसारखी माया मी कुणाची पाहिली नाही. राग मला तिचा आहेच. पण ती राक्षसीण नव्हती. राक्षसीण असती तर मला सोपं गेलं असतं.

गुणवंती कोळीण माहीमहून पाटी घेऊन यायची. एके दिवशी हात धुवायला मोरीत आली आणि तिनं मला पाहिलं.

"गो रखमा! ही जाली हाय का चुलीचा बाप? हिच्यावर माजा बांगडा टाकलास तर तो उठून परत दर्यात जाईल!"

रखमा हसली नाही. तिनं सगळं सांगितलं. माझ्यासमोर बसून, खालच्या आवाजात, आपलाच गुन्हा सांगावा तसं.

गुणवंती ऐकत राहिली. मग म्हणाली, "शितळादेवी आमच्या माहीमला बसलीय. तिच्या आजूबाजूला आमी रोज मासली भाजतो, रोज जाल्या घासतो. ती काय रोज रागावते? मंग आमचा एक पोर वाचला नसता." पाटी डोक्यावर घेता घेता ती थांबली. "पोरीला टोचलेला का?"

"टोचणारो आमच्या दाराकच इलो नाय."

"आमच्या कोलीवाड्यात घर सोडत नाय तो मुडदा," गुणवंती म्हणाली. "तुमचाच दार त्याला कसा नाय दिसला?"

रखमानं पाटीला हात देऊन तिला वाटेला लावलं. पण त्या दिवशी मोरीत तिनं माझ्याकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

थंडी पडली. रखमा नळावर होती. जिन्यावर जोडे वाजले. आणि मोरीत पुतळाबाईंचा हात आला, माझी गंजलेली मूठ धरली, आणि मला ओढून बाहेर काढलं.

कोपऱ्यात डालगं पालथं होतं. मी त्यावर बसले. खाली दगडू होता. तो मालनसारखा शहाणा नव्हता. खोबरं थुंकून त्यानं भोकाड पसरलं. पुतळाबाई डालग्यावर वाकून "गप रे, गप रे माझ्या सोन्या" करत होत्या, तेवढ्यात रखमा दारात उभी राहिली. टोचणारा आल्याचं तिला खाली कळलं होतं. घागर नळावर टाकून ती धावत वर आली होती.

तिनं आधी मला पाहिलं. मोरीतली जाळी डालग्यावर कशी? मग तिनं मला उचललं, डालगं उचललं, मुलाला कडेवर घेतलं. आणि तशीच उभी राहिली, एका हातात मूल, एका हातात मी. 

"आये," ती म्हणाली, "मालनीक पण असाच लपवलंत?"

पुतळाबाई खाली बसल्या.

"आये, माका सांगा."

"माझो थोरलो झिल," पुतळाबाई म्हणाल्या. शिवाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, हे मीही तेव्हाच ऐकलं. "गावाक टोचल्यानी. हात पिकलो. खांद्यापर्यंत काळो झालो. माझ्या मांडीर गेलो. शिवाक पण ठावूक नाय. माझ्या नातवंडाक मी परत त्या सुयेखाली देव?"

"नि जाळीचा? जाळीचा कित्याक बोललात? तीन वर्सां मी माझे हात बघून रडतंय."

पुतळाबाईंनी पदर तोंडावर ओढला. काय सांगणार? पोर आपल्यामुळं गेली हे ओझं त्यांना पेलवलं नाही, म्हणून जवळच्या डोक्यावर ठेवलं. त्यासाठी फार अक्कल लागत नाही. घरात एक सून असली की पुरतं.

"सज्ज्यात सगळ्यांसमोर बोललात," रखमा म्हणाली. "आता सज्ज्यात जावन सगळ्यांसमोर परत घेवा."

म्हातारी उठली नाही.  मग रखमा मुलाला घेऊन सज्ज्यात गेली आणि शेजारच्या दाराशी उभ्या टोचणाऱ्यापुढं त्याचा दंड धरला. तो आक्रोश करत होता. तिनं दंड सोडला नाही.

टोचल्यावर मुलाला ताप येतो, दंडावर फोड धरतो, पिकतो, खपली पडते. चाळीत हेही दिवस देवीचेच मानत. खपली पडेपर्यंत तेच नेम. भाजायचं नाही. घासायचं नाही.

दगडूचा दंड चांगला पिकला होता, अंग तापलं होतं, त्या दिवशी सकाळी रखमानं सज्ज्यात शेण्या रचल्या, पेटवल्या आणि मला त्यांत घातलं.

मी लाल होईपर्यंत तिनं मला बाहेर काढलं नाही. किटण तडतडलं, फुगलं, त्याला भेगा पडल्या. तिनं चिमट्यानं मला ओढलं, उलथन्यानं पोपडे पाडले, आणि विटकरीची भुकटी घेऊन घासायला बसली.

दारं उघडली. रमाबाई धावत आली. "रखमा, खुळी झालीस? पोराचो हात पिकलेलो आसा! ऱ्हव दे ती जाळी!"

आतून पुतळाबाई ओरडल्या, "नको गे! माका मार, पण ता करू नको!" म्हातारीचं ते भय खरं होतं. मुलगा त्यांच्या मांडीवर कण्हत होता.

मित्रांनो, रखमाचा त्या समजुतीवरचा विश्वास उडाला होता असं मानू नका. असं एका दिवसात उडत नाही.  आत दगडू रडला की ती थांबायची. तोंडाला फडकं लावायची. मान वळवून दाराकडे बघायची. आणि मग पुन्हा, खर्र. तिला वाटत होतं की ती आपल्या मुलाच्या अंगावर ओरखडे काढते आहे, आणि तरीही तिनं घासलं. कारण घासलं नसतं तर मालनला आपणच मारलं का, हे तिला मरेपर्यंत कळलं नसतं.

संध्याकाळी शिवा आला तेव्हा मी सज्ज्याच्या कठड्याला टांगलेली होते, काळी, चकचकीत, तेल लावलेली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग रखमानं त्याला डालग्याचं सगळं सांगितलं. तो आईकडे गेला आणि उंबऱ्यात बसला. "आये, खरा?" एवढंच म्हणाला. आतून दगडूला थोपटल्याचा आवाज तेवढा येत राहिला. 

त्यानंतरच्या दिवसांत रखमा नीट जेवली नाही. रोज सकाळी उठून आधी मुलाचा दंड बघायची, मग मला घासायची. मासा नसला तरी घासायची.

दगडूची खपली पडली. ताप उतरला. सकाळी तो रांगत आला आणि त्यानं माझी मूठ धरली. रखमानं ती खपली हातावर घेतली, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला की मला वाटलं, मूल गेलं की काय.

"माझ्या हातान नाय गेली," ती म्हणाली. "माझी मालन माझ्या हातान नाय गेली."

तीन वर्षं ती चोरासारखी रडली होती, तोंड दाबून. त्या दिवशी ती आईसारखी रडली. दारं उघडी होती. तिनं लावली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, चला, शेवट गोड झाला. नाही झाला. पुतळाबाई आजवर सज्ज्यात बोलल्या नाहीत. रोज पहाटे उठतात, शेण्यांची राख फडक्यातून चाळतात आणि रखमाच्या हाताशी आणून ठेवतात. मऊ, पिठासारखी राख. रखमा ती घेते, मला घासते, पण सासूशी तिनं त्यानंतर कामापलीकडे शब्द काढलेला नाही. मला म्हातारीला एवढंच म्हणायचं आहे, की राख कितीही बारीक चाळलीत तरी ती जबाब होत नाही. आणि चाळीतल्या बायका नव्या भाडेकरणीला अजून हळूच सांगतात, ती बघ, देवीत जाळी घासणारी. पहिली पोर तिनंच घालवली. दुसरा वाचला, त्याचं नशीब.

म्हणून मी सांगायला बसले. मालन रखमाच्या घासण्यानं गेली नाही. ती टोचलेली नव्हती म्हणून गेली, आणि ती टोचलेली नव्हती कारण तिला माझ्याखाली लपवली होती. हे मी पाहिलेलं आहे.

तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जाळी, एखादा तवा, एखादी कढई किटण चढून पडली असेल, तर ती आजच काढा. तापवा, तापलेली असतानाच घासा, तेलाचा हात लावा. थंड झालेलं किटण दगडासारखं असतं, पण निघतं. मला विचारा. आणि तुमच्या देखत कुणी रडणाऱ्या बाईकडे बोट करून म्हणालं, की हिच्यामुळं झालं, तर खाली मान घालून बसू नका. विचारा, कशावरून?

जेवणारे परत आले आहेत. महादेवही आला. रोज शेवटचा बांगडा उतरला की रखमा सज्ज्याच्या मधोमध बसते आणि मला पुढ्यात घेते. आसपासची एक-दोन दारं लागतात. ती तिकडे बघत नाही. सोडण राखेत बुडवते आणि पूर्वीपेक्षा जोरात घासते, खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जावं इतक्या जोरात. तुम्हीही घासाल तेव्हा आवाज होऊ द्या.